गाळलेले पाणी आणि शरीराची नमुना सही

जैन घरातील मूल अक्षरओळख होण्यापूर्वीच पाण्याचे नियम शिकते. पाणी दुहेरी घडीच्या फडक्यातून गाळावे, फडक्यावर राहिलेली जिवाणी इतस्ततः न टाकता ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद सोडावी, गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे मानावी, आणि त्यानंतर ते पुन्हा गाळावे. आपल्या पूर्वजांनी हा नियम घालून दिला तो जीवदयेपोटी. पिणाऱ्याच्या आरोग्याचा विचार त्यात दुय्यम होता. तथापि व्रताचे फळ म्हणून आरोग्याचा लाभही अनेक पिढ्यांना झाला. प्रश्न एवढाच आहे की, आजच्या काळात, आजच्या पाण्यात, हा लाभ किती शिल्लक आहे? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जे घडले, त्याने हा प्रश्न प्रत्येक घराच्या माठापर्यंत आणून ठेवला आहे.

ईट, भूम, परंडा या आपल्या बालाघाटाच्या परिसरातील व्यापारी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले-मुली आज पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आहेत. घरी गाळून, उकळून पाणी पिणारे हे मूल तिथे टँकरचे, विहिरीचे, जारचे असे कोणते पाणी पिते, हे आपणास ठाऊक नसते.

पुण्यातील साथ

जानेवारी २०२५ च्या मध्यास पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांतून रुग्णालयांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. आधी जुलाब, पोटदुखी. काही दिवसांनी पायांत मुंग्या. मग जिना चढता न येणे, हातातून वस्तू निसटणे, आणि काहींच्या बाबतीत श्वास घेण्यासाठी यंत्राचा आधार. रोगाचे नाव गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचलेले ‘जीबीएस’. पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यूही झाला. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, केंद्राने तज्ज्ञ पाठवले. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. संशयाची सुई पाण्याकडे वळली.

हा रोग नवा नाही. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गुलियन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांतील पक्षाघाताचे वर्णन केले. तिसऱ्याचे नाव पुढे व्यवहारात गळून पडले. सामान्यतः वर्षाकाठी लाखात एक-दोघांना होणारा हा दुर्मीळ विकार आहे आणि तो माणसाकडून माणसाला लागत नाही. म्हणूनच एका शहराच्या एका कोपऱ्यात शेकडो रुग्ण एकदम दिसावेत, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला असाधारण वाटली.

सही जुळली आणि घात झाला

पोटातला जिवाणू पायांतील बळ कसे हिरावून घेतो? याचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत मिळाले, आणि ते मोठे उद्बोधक आहे. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ते बँकेच्या भाषेतच सांगता येईल.

बँकेत प्रत्येक खातेदाराची नमुना सही जपून ठेवलेली असते. धनादेश आला की कर्मचारी त्यावरील सही नमुन्याशी पडताळतो. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती नेमके हेच काम करते. पेशी असो वा जिवाणू, त्याच्या अंतरंगात तिला डोकावता येत नाही. ती केवळ पृष्ठभाग वाचते. पृष्ठभागावरील शर्करेच्या व प्रथिनांच्या रेणूंची रचना हीच तिच्या दृष्टीने सही. परक्या सहीचा रेणू दिसला की ती त्याला अचूक चिकटणारी प्रतिपिंडे तयार करते.

कॅम्पायलोबॅक्टरच्या काही जातींच्या बाह्य आवरणावर मेदाला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या असतात. दुर्दैवाने त्या साखळ्यांची घडण आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी जवळजवळ तंतोतंत जुळते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंनाही शत्रू समजून चिकटतात. त्यांच्यामागोमाग रक्तातील पूरक प्रथिने येतात आणि मज्जातंतूंची हानी करतात. मेंदू आज्ञा देतो, पण ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. जपानच्या नोबुहिरो युकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सशांवरील प्रयोगातून हे रेणूसाधर्म्य सिद्ध केले. चोर पकडण्यासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याने सही सारखी दिसली म्हणून घरधन्यालाच बेड्या घालाव्यात, तसा हा प्रकार.

दिलासा असा की, कॅम्पायलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण हजारांतील एकालाच हा विकार जडतो. पण ज्या घरातील एक जण तो असतो, त्या घराला हजाराचा हिशेब काय कामाचा?

हजारो दात्यांचे देणे

या रोगावर आज दोन सिद्ध उपचार आहेत. पहिला प्लाझ्मा बदलण्याचा: रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडयुक्त द्रव यंत्राने काढून त्याजागी स्वच्छ द्रव भरला जातो. १९८० च्या दशकातील चाचण्यांत त्याचा उपयोग सिद्ध झाला. दुसरा इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देण्याचा. १९९२ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीने तो प्लाझ्मा बदलण्याइतकाच गुणकारी असल्याचे दाखवले. पुण्यातील साथीत ज्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा झाली, ती हीच.

हे औषध कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून निरोगी प्रतिपिंडे वेगळी काढली जातात. प्रचलित मात्रा वजनाच्या दर किलोमागे एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर चोवीस. एका बाटलीची किंमतही हजारांत, त्यावर अतिदक्षता विभागाचा खर्च निराळा. दुकानाच्या भांडवलाला हात लावल्याशिवाय हा खर्च पेलणे अनेक मध्यम व्यापाऱ्यांनाही कठीण आहे.

म्हणून या संदर्भात दोन-तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने लक्षात ठेवाव्यात. पहिली, वेळेची: इम्युनोग्लोब्युलिनचा लाभ लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिल्यास सिद्ध झालेला आहे. जुलाबानंतर पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर वर चढत असेल, तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. मज्जाविकारतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे. दुसरी, खर्चाची: प्रकृती लवकर सुधारत नाही म्हणून औषधाचा दुसरा क्रम देण्याचा मोह होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गंभीर रुग्णांना दुसरा क्रम देऊन पाहिला गेला. त्याचा लाभ आढळला नाही, उलट गंभीर दुष्परिणाम वाढले. स्टेरॉइडचाही या रोगात उपयोग नसल्याचे सिद्ध झालेले आहे. अर्थात निर्णय डॉक्टरांचाच. पण विचारपूर्वक प्रश्न विचारणे हा नातेवाइकांचा अधिकार आहे. तिसरी, साहाय्याची: राज्य शासनाच्या २०२३ मधील निर्णयाने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचे दार सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी उघडले, आणि पुण्यातील साथीत या रोगाचे उपचार योजनेतून देण्याचे शासनाने जाहीर केले. ‘ती योजना आपल्यासाठी नव्हे’ ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. ती सोडावी, शिधापत्रिका आणि आधार कार्ड यांवरील नावे जुळतात का, हे आजच पाहून ठेवावे. खासगी आरोग्य विमा असेल तर खोलीभाड्याची मर्यादा आणि प्रतीक्षाकालाची अट वाचून घ्यावी.

संशोधन येथेच थांबलेले नाही. बांगलादेशातील ढाक्याच्या संशोधकांनी महागडे यंत्र न वापरता, साध्या रक्तपिशव्यांच्या साहाय्याने थोडा थोडा प्लाझ्मा बदलण्याची पद्धत वीस रुग्णांवर वापरून पाहिली आणि ती सुरक्षित व शक्य असल्याचे २०१८ मध्ये नोंदवले. तिचा खर्च प्रचलित उपचाराच्या कितीतरी पट कमी आहे. पूरक प्रथिनांच्या साखळीतील पहिलाच दुवा रोखणाऱ्या एका नव्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी बांगलादेश आणि फिलिपीन्समधील २४१ रुग्णांवर झाली. आठ आठवड्यांनी त्या रुग्णांचे अपंगत्व तुलनेने कमी असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. गरीब देशांतील रुग्णांच्या सहभागातून हे ज्ञान उभे राहत आहे, ही बाब आपण नोंदवून ठेवली पाहिजे.

बहुतांश रुग्ण बरे होतात. सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के पुन्हा स्वतःच्या पायांवर चालू लागतात. पण ते सहा महिने घराची, धंद्याची आणि मनाची परीक्षा पाहणारे असतात. उपचार इतका महाग आणि दीर्घ असेल, तर शहाणपण प्रतिबंधात आहे, आणि तो प्रतिबंध पाण्याच्या हंड्यापाशी सुरू होतो.

फडके काय अडवते, काय सोडते

फडक्याचे सामर्थ्य कमी लेखू नये. नारू हा रोग आपल्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. पायाच्या त्वचेतून हातभर जंत बाहेर येई आणि माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे. या जंताची सूक्ष्म पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या चिमुकल्या जीवाच्या पोटात असतात. पाणी फडक्यातून गाळणे, हे नारूविरुद्धच्या मोहिमेतील एक प्रमुख शस्त्र होते. १९९६ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

कॉलऱ्याची कथाही अशीच. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांनी दाखवून दिले की, कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. मग त्यांनी बांगलादेशातील ६५ गावांत जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. त्यातील एक निरीक्षण आपल्या आजीबाईंना आनंद देणारे आहे: नव्यापेक्षा जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड अधिक चांगले गाळते, कारण धाग्यांचे तंतू सुटून छिद्रे लहान होतात.

मात्र या घडीचीही छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची राहतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कॅम्पायलोबॅक्टरची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि नोरोव्हायरस तर मायक्रॉनचा तिसावा भाग. फडक्याच्या एका छिद्रातून असे सहाशे विषाणू खांद्याला खांदा लावून जाऊ शकतील. याचा अर्थ स्पष्ट आहे. गाळणे ही पहिली पायरी आहे. दिसणाऱ्या आणि जेमतेम दिसणाऱ्या जीवांसाठी ती उत्तम आहे, पण सांडपाणी मिसळलेल्या पाण्यापासून ती आपले रक्षण करू शकत नाही. पूर्वी गावची विहीर वस्तीपासून दूर असे. आज कूपनलिकेच्या शेजारी शौचालयाचा शोषखड्डा असतो. नियम तोच राहिला, पाणी बदलले.

पृष्ठभागाचे शास्त्र

फडके जिथे थांबते, तिथून पृष्ठभाग-रसायनशास्त्राचे काम सुरू होते. त्यातील कळीचा शब्द आहे अधिशोषण. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण; घन पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू येऊन चिकटतात ते अधिशोषण. पृष्ठभाग जितका मोठा तितके चिकटण्यास स्थान अधिक. जल-शुद्धकात वापरला जाणारा सक्रिय कोळसा असंख्य सूक्ष्म विवरांनी भरलेला असतो. त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या मोजमापात जवळजवळ दहा गुंठे भरतो. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन!

परंतु कोळसा दुर्गंध, रंग, कीटकनाशकांचे अंश आणि क्लोरीनही टिपून घेतो. जिवाणू मारत नाही. उलट मुदत संपलेल्या कोळशावर जिवाणूंची वस्ती होते. म्हणून कार्ट्रिज वेळेवर न बदललेला जल-शुद्धक हा मुदत उलटलेल्या ठेवीसारखा असतो: कागद हाती, व्याज बंद.

या क्षेत्रात आपल्या महाराष्ट्राचे काम अभिमानास्पद आहे. पुण्यातील टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचा पाणी गाळण्यासाठी उपयोग शोधला गेला. त्या राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड देऊन २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा विजेविना चालणारा, हजार रुपयांच्या आतील जल-शुद्धक बाजारात आला. राखेचा विस्तीर्ण पृष्ठभाग चांदीला आधार देतो आणि चांदी जिवाणूंना निष्प्रभ करते. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून असे पातळ पटल विकसित झाले की, ज्याची छिद्रे जिवाणूंना आणि विषाणूंनाही अडवतात. ते एका अर्थी फडक्याचेच वंशज, फक्त त्याची वीण हजारो पटींनी सूक्ष्म.

तांब्या-पितळेचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांसाठीही एक गोष्ट. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुलाबाचे जिवाणू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले. त्यानंतर ते जिवाणू वाढवून पाहता आले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे सुरक्षित मर्यादेत होते. मात्र भांडे घासलेले हवे. काळ्या-हिरव्या थराखाली झाकलेला धातू काम करीत नाही.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विचाराच्या शिखराला मिळाले. जपानचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉब्सन आणि अमेरिकेतील ओमर याघी यांनी धातूचे अणू व कार्बनी रेणू यांच्या सांगाड्यांतून सच्छिद्र स्फटिक घडवले. यांतील काही स्फटिकांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सात हजार चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकर इतका भरतो. असे स्फटिक वाळवंटातील कोरड्या हवेतूनही रात्री पाण्याची वाफ टिपतात आणि दिवसा उन्हाने ते पाणी सोडतात. याघी हे जॉर्डनमधील निर्वासित कुटुंबात वाढले. त्यांच्या बालपणीच्या घरात नळ नव्हता. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेले पाहणाऱ्या मराठवाड्याला या संशोधनाचे मोल कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत प्रा. सुजित घोष यांचा गट अशाच सच्छिद्र पदार्थांनी पाण्यातील विषारी द्रव्ये टिपण्यावर काम करीत आहे.

आता आपल्या हाती काय?

प्रयोगशाळेतील स्फटिक घरी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सर्वांत विश्वासार्ह उपाय आपल्या परंपरेतच आहे: गाळलेले पाणी उकळणे. पाण्याला खळाखळा उकळी फुटून मिनिटभर राहिली की कॅम्पायलोबॅक्टर, नोरोव्हायरस यांपैकी काहीही टिकत नाही. परंपरेने उकळलेल्या पाण्याला काळाची मर्यादा घातली आणि पावसाळ्यात ती सर्वांत कमी ठेवली, यामागील सावधपणा आजही उपयोगाचा आहे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे; अन्यथा केलेले शुद्धीकरण बोटांनी परत जाते.

‘आपण शाकाहारी, आपणास धोका नाही’ अशीही एक समजूत आहे. कोंबडीच्या अर्धकच्च्या मांसातून हा जिवाणू पसरतो हे खरे. पण दूषित पाणी आणि न तापवलेले दूध हेही त्याचे मार्ग आहेत. आपला भूम परिसर दुधाचा आणि खव्याचा. कढईत आटलेल्या खव्याची चिंता नाही. कच्च्या दुधाची मात्र काळजी घ्यावी.

गावपातळीवर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाण्यात टीसीएल पावडर नियमित टाकावी आणि ओटी टेस्ट करावी, ही व्यवस्था आहे. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरीही पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. पाणी स्रोतांच्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारणारा एक तरी व्यापारी प्रत्येक गावात असावा. बाजारभाव रोज विचारणाऱ्यांना हा प्रश्न वर्षातून दोनदा विचारणे अवघड नाही. लग्नसमारंभात, चातुर्मासातील भोजनात किंवा कुंथलगिरीच्या यात्रेत टँकर मागवताना पाणी कोणत्या विहिरीचे आणि क्लोरीन टाकले आहे का, हे यजमानाने विचारावे.

पुण्यातील आपल्या मुलांना एक विजेची किटली घेऊन द्यावी. किंमत एका बाहेरच्या जेवणाच्या पार्टीइतकी, उपयोग वर्षभराचा. जुलाबानंतर एक-दोन आठवड्यांत पायांत अशक्तपणा आला तर लपवू नये, लगेच फोन करावा, हेही त्यांना सांगून ठेवावे.

शेवटी, दानाविषयी. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण मानतो. महावीर जयंतीला रक्तदान शिबिरे भरवण्याची उत्तम प्रथा आपल्या समाजात रुजली आहे. इम्युनोग्लोब्युलिनची प्रत्येक बाटली हजारो अनोळखी दात्यांच्या प्लाझ्मापासून बनते, हे ध्यानात घेतले तर रक्तदान हे एकाच वेळी औषधदान आणि अभयदान ठरते. या वर्षीच्या शिबिरात आपल्या घरातून किमान एक नाव अधिक असावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.